मेसेज थांबवा

बाळांच्या लसीकरणाच्या ॲपसाठी स्क्रीनचा कोड लिहून देणारं टूल आज निवडायचं होतं. तिन्ही टूल्सना आम्ही कागदावर काढलेलं स्क्रीनचं एकच चित्र दिलं. दुसऱ्याने मिनिटभरात देखणी स्क्रीन उभी केली.

"हेच घेऊ," मयुरेश म्हणाला. "तू लिहिलेल्या सध्याच्या स्क्रीनपेक्षा सुटसुटीत आहे, रागावू नकोस."

"त्यात 'मेसेज थांबवा' हे बटण नाही."

"चित्रातच नव्हतं. आणि अगं, बाळाच्या लसीचा मेसेज कोण नको म्हणेल? वर्षभरात चौघींनीच दाबलंय ते."

"त्यातली एक मी. नवव्या महिन्याच्या लसीचा मेसेज आला, तेव्हा बाळ जाऊन आठ दिवस झाले होते."

मयुरेशने पेन्सिल घेऊन चित्र पुढे ओढलं.

"कुठे काढू?"

"पहिल्याच स्क्रीनवर," मी म्हटलं. "आईला शोधावं लागू नये."