व्यासपीठाखालचा सत्कार

"मॅडम, आम्ही चौघं तुम्हाला खुर्चीसकट वर उचलून ठेवतो," वकील संघाचे सेक्रेटरी म्हणाले.

"मी काय गणपती आहे?" दाभाडे वकीलबाईंनी व्हीलचेअरचा ब्रेक लावला. अपंगांच्या हक्कांसाठी त्या आयुष्यभर भांडल्या, म्हणून आज त्यांचा सत्कार होता. फलकावर 'कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या रणरागिणी' असं छापलं होतं. व्यासपीठालाही पायऱ्याच होत्या. "फळ्या टाका, नाहीतर शाल खाली आणा. मला हात लावलात तर उद्या नोटीस पाठवीन."

सेक्रेटरी फळ्या शोधायला मांडववाल्याकडे पळाले. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, निवृत्त न्यायाधीश टिळेकर. कोर्टाच्या दाराशी उतार बांधून द्या, हा बाईंचा अर्ज याच साहेबांनी फेटाळला होता. 'चार पायऱ्यांचा एवढा बाऊ कशाला,' असं वर ऐकवलंही होतं. बाई ते विसरल्या नव्हत्या. विसरणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

साहेबांनी काठी पहिल्या पायरीवर टेकवली, पाय उचलला आणि 'आई गं' म्हणत खाली घेतला. मग कुणी पाहिलं का, म्हणून हळूच मागे वळले.

बाईंनी पाहिलं होतं. टोमणा केव्हापासूनचा तयार होता. पण साहेब वाकून गुडघा चोळत होते. बाईंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा साहेब. उतारासाठी तुमच्या वतीनं मीच अर्ज करते. तुम्ही फक्त फेटाळू नका."