भरली बंडी

"याच्यात रॅम किती हाय?" पुंजाजीनं विचारलं आणि हरीओमच्या हातातला चहा हिंदकळला. धोतर-टोपीतल्या माणसानं रॅम विचारावी, असं रिसोडच्या त्याच्या लॅपटॉपच्या दुकानात आजवर घडलं नव्हतं.

गुपित त्या माणसाच्या हातातल्या कागदात होतं. धाकट्या पोरीनं सगळं लिहून दिलं होतं. तिला व्हिडिओ एडिटिंग शिकायला पुण्याला जायचं होतं. सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, रंग खरे दाखवणारा स्क्रीन. ती स्वतः का नाही आली, असं हरीओमनं विचारलं, तर म्हणे परीक्षा आहे. लॅपटॉप एकदाच घेणं होणार होतं. तो कमी पडला तर पोरगी पहिल्याच महिन्यात मागं पडणार.

"पोरीच्या बाबतीत आता चूक नाही करायची मले," पुंजाजी म्हणाला. बिचारा याआधी कुठंतरी फसला असावा, असं हरीओमला वाटलं.

त्यानं तीन लॅपटॉप मांडले आणि एकेकाचं कौतुक सुरू केलं. पुंजाजीनं त्याला हातानंच थांबवलं. रिठदच्या बाजारात बैल घेताना शिंगांची तारीफ कोणी ऐकत बसत नाही. भरली बंडी जुंपायची, चढावर न्यायची आणि पाहायचं. इथंही तसंच करायचं, असं त्यानं सांगून टाकलं.

हरीओमला हसू आलं, पण बोलणं सोळा आणे खरं होतं. दुकान सांभाळून तो लग्नांचं शूटिंग करायचा, त्यामुळं जड माल, म्हणजे मोठाले व्हिडिओ, घरचाच होता. आधी त्यानं एक वाढदिवस काढला. पुंजाजीनं मान हलवली. वाढदिवस म्हणजे रिकामी बंडी. मग चष्मा पुसून त्यानं पडद्यावरच्या चित्रांपैकी एकावर बोट ठेवलं. ते मंगरूळपीरचं उन्हाळ्यातलं लग्न होतं, चार कॅमेरे आणि वर ड्रोन. म्हाताऱ्यानं सगळ्यात जड तेच बरोबर उचललं, याचं हरीओमला मोठं नवल वाटलं.

चारही कॅमेऱ्यांची दृश्यं एकदम लावली, तसा पहिला लॅपटॉप अडखळला. नवरीचा हात हवेतच थांबला.

"बसला हा," पुंजाजी म्हणाला.

दुसऱ्यानं ओढलं, पण धापा टाकत. पुंजाजीनं त्याच्या पोटाखाली तळहात धरला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तिसऱ्यावर मात्र लग्न पाण्यासारखं वाहायला लागलं. ड्रोन आभाळातून उतरला, मांडवावरून, माणसांवरून, थेट नवरीच्या चेहऱ्यापर्यंत. हळदीचा रंग अस्सल पिवळा. पापणीचा केस न् केस वेगळा. पुंजाजीचं तोंड उघडंच राहिलं. हे लग्न हरीओमनंच महिनाभर बसून कापलं-जोडलं होतं. तरी म्हाताऱ्याशेजारी बसून पाहताना त्याच्याही अंगावर काटा आला. आपल्या हातून एवढं देखणं काही झालंय, हे त्याला आज कळत होतं.

हाच बांधून द्या, असं पुंजाजी म्हणाला. हरीओमनं खुशीत खोकं काढलं आणि लॅपटॉप बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या भाऊ. शेवटलोक चालू द्या."

कन्यादान आलं. हरीओम सांगू लागला. पाणी सोडतोय तो मुलीचा मामा. बापाला पोरगा पसंत नव्हता, तो लग्नाला आलाच नाही.

"पोरगी घडीघडी फाटकाकडे पाहे, काकाजी. ते मी कापून टाकलं. बरं नाही दिसत."

पुंजाजीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्यानं विचारलं, "कापलेलं हाय काय अजून?"

"हाय ना."

"लावा."

हरीओमनं लावलं. ते टिपणारा कॅमेरा फाटकापाशीच उभा होता. नवरीनं बाशिंग बाजूला सारलं, मान वळवली आणि सरळ समोर पाहिलं.

पुंजाजी खुर्चीतून उठला.

"आलो वं माय," तो म्हणाला. "उशीर झाला मले."