फळ्यावरची हजेरी

आठवडाभर कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी शाळेतल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं, तेही फुकट, हे इंजिनिअरचं वेड होतं. त्या रविवारी त्याने वर्गाची हजेरी घेणारा प्रोग्रॅम फळ्यावर लिहून दिला. पोरांनी तो डोळे झाकून आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवला. एकीचाच वेगळा निघाला, एका आकड्याने. ही तर कायम मागे बसणारी, तोंडातून चकार शब्द न काढणारी मुलगी. इंजिनिअर तिचा आकडा बदलायला गेला आणि त्याचा हात थबकला. चूक तिची नव्हती, फळ्यावरची होती.

इंजिनिअरच्या मनात पाल चुकचुकली. आपल्यासारख्या मुरलेल्या माणसाच्या नजरेतून सुटलेलं हिला बरं कसं दिसलं? नक्की कुणीतरी करून दिलंय.

"खरं सांग, कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचंच नाही, सर."

"मग हा आकडा तुला सुचला कसा?"

ती मान खाली घालून म्हणाली, "तुमच्या प्रोग्रॅमनं सगळ्यांची नावं पुकारली, माझं नाही. हजेरीत माझा नंबर शेवटचा आहे ना, तो एक नंबर आधीच थांबला. म्हणून मी मला आत घेतलं."