वाळत घातलेला नकाशा

डिंपलच्या रत्ना आत्याने आर्किटेक्ट होऊन अर्ध्या धुळ्याचे नकाशे काढले, पण घरात तिला रेघोट्या मारणारीच म्हणायचे. ती वारल्यावर तिचे नकाशे जपायला पुण्याचं एक संग्रहालय राजी झालं. संध्याकाळी त्यांची गाडी येणार होती. दुपारी डिंपल गच्चीवर गेली, तर आईने, भागाबाईने, नेमक्या याच घराच्या नकाशावर ज्वारीच्या पापडांसारखी ओली बिबडी वाळत घातलेली!

"आई! अगं, आत्याचा नकाशा हा!"

"इतला मोठा कागद वाया काबर जाऊ देवा?" म्हणत भागाबाई एक वाळलेलं बिबडं घेऊन खाली गेली.

डिंपलने रडकुंडीला येत बाकीची सोडवली. कागद जसाच्या तसा राहिला होता, एक रेघ फिसकटली नव्हती. फक्त आईने नेलेल्या बिबड्याखालची स्वयंपाकघराची खिडकी गायब होती. आत्याने ती भावजयीसाठी काढलेली, आणि आजोबांनी "चुलीला कशाला देखावा?" म्हणून बांधूच दिली नव्हती. कागदावर डाग नव्हता, बिबड्यांवर शाई नव्हती.

बाकी सगळं वाचलं म्हणून देवाचे आभार मानत डिंपल खाली आली.

स्वयंपाकघरात गार वारा होता. बंद भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. भागाबाई त्या भिंतीसमोर डोळे मिटून उभी होती, हातात भाजलेलं बिबडं.

"रत्ना अक्का, मन्हावर तुना लई उपकार. पहिलं तूच ले."

तिने बिबडं भिंतीपाशी धरलं. स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर. पलीकडे नुसती हवा.

डिंपलला हसू फुटणार, तेवढ्यात कुर्रकन चावल्याचा आवाज आला.

भागाबाईचं तोंड मिटलेलं होतं.