मोऱ्याहून आलेलं विमान

मोरा गावच्या वेणूआत्याने घरच्या ग्रुपवर एक पिवळा पडलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मितेश, ओलख बगू."

पनवेलात जुन्या विमानांचा मितेशएवढा जाणकार दुसरा नव्हता. निदान मितेशचं तसं मत होतं. मिठागरात उतरलेलं ते दुहेरी पंखांचं विमान बघून त्याच्या अंगात वारंच भरलं. त्याच्या बांधकामावर गवंडी खोळंबले, बायकोचे फोन वाजून वाजून गप्प झाले. दुपारपर्यंत त्याने इंग्लंडातल्या दोन म्हाताऱ्या तज्ज्ञांना नेटवर चीत केलं. वैमानिकाच्या डोक्यावर काचेचं झाकण आहे, तेव्हा हे 'फॉक्स मॉथ' जातीचं विमान विलायती नव्हे, कॅनडात बनलेलं, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि मगच आत्याला फोन लावून सगळं साग्रसंगीत ऐकवलं.

आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इमानाचं कोन इचारतंय रे? म्होरं पंचा नेसून उभा हाय ना, तो तुजा आजा. तुज्या जन्माआदीच गेला. त्याचा दुसरा फोटू नाय आपल्यात."

मितेशने फोन स्पीकरवर टाकून फोटो मोठा केला आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या माणसाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळलं.

"आत्या," तो कळवळून म्हणाला, "आजा दोन पावलं बाजूला सरला असता, तर विमानाचा नंबर दिसला असता गं."