अर्ध्या तासाचा कापूस

"कापूस अर्धा तास दाबून धरा. तोवर बोलायचं नाही," दाढ काढून झाल्यावर शनिवार पेठेतल्या डॉक्टरांनी उषाताईंना बजावलं. सून केतकीनं घड्याळ पाहिलं, सासूला गाडीत बसवलं आणि गाडी सुरू करताच तोंड उघडलं.

"आई, नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होणार आहे, तेव्हा ऐका. मी घासलेली भांडी तुम्ही माझ्यादेखत परत घासता. वाघोलीत पावलोपावली डेंटिस्ट आहेत, तरी मला रजा टाकायला लावून पेठेत आणता. माझ्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही तुमच्या, पण सोडवतही नाही."

येरवड्याच्या सिग्नलला उषाताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. केतकीची नजर रस्त्यावरच होती. ती थांबली नाही.

"आणि माझं बाळ पोटातच गेलं, त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर मावशींना म्हणालात, 'हिला नोकरीच जास्त प्यारी.' मी दाराआड उभी होते, आई."

त्यानंतर खराडी मागं पडली तरी ती बोलतच होती.

वाघोलीला सोसायटीच्या गेटाशी तिनं करकचून ब्रेक दाबला. "अर्ध्या तासाचा तास झाला. काढा तो कापूस आणि बोला, काय बोलायचंय ते!"

उषाताईंनी मूठ उघडली. रक्ताळलेला बोळा तळहातावर केव्हाच वाळून गेला होता.

"अर्धा तास येरवड्यालाच संपला," बधीर ओठांनी त्या म्हणाल्या. "पुढं मला गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं."