सायलसची कचरागाडी

"शहराचा पार उकिरडा झालाय," बीट्रिस म्हणाली. तिसरीच्या वर्गानं तिला महापौर केलं होतं आणि महापौरकी तिच्या अंगात चांगलीच भिनली होती. "टाउन हॉलच्या पायऱ्यासुद्धा दिसत नाहीत आता."

खिडकीखालच्या टेबलावर दुधाच्या रिकाम्या खोक्यांचं शहर पसरलं होतं. समाजशास्त्राच्या तासाला पोरांनी ते वसवलेलं. बेकरी, पोस्ट, दवाखाना, प्रत्येकाचं घर आणि प्रत्येकाला गावातलं एक काम. दर शुक्रवारी आपापल्या दारात पेन्सिलींची सालं नि कागदाचे कपटे ठेवायचे, हा गावचा नियम. ते उचलायचं काम सायलसनं हट्टानं मागून घेतलं होतं, कारण त्याला गाडी चालवायची होती. बुटांच्या खोक्याची हिरवी गाडी त्यानंच केली, बाटल्यांच्या बुचांची चाकं लावून. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आजीकडे जाताना बर्फावरून त्यांची मोटार घसरली आणि सायलस गेला. गावचा नियम मात्र कोणी मोडला नाही. फेब्रुवारी उजाडला तरी पोरं दर शुक्रवारी दारात कचरा ठेवतच होती.

सगळे गोल करून बसले होते. नाताळनंतर वर्गात आलेल्या मारिसोलला अजून गावात काम नव्हतं. तिला सायलसची गाडी द्यायची का, एवढंच ठरवायचं होतं.

हात वर करून मतं मोजायची पद्धत या शाळेत नाही. आधी गप्प बसायचं, ज्याला आतून वाटेल त्यानं उभं राहून बोलायचं, आणि सगळ्यांचं मन एक झालं तरच ठरलं म्हणायचं. एकाचं जरी मन होत नसलं, तरी थांबायचं. टीचर एडिथनं तिसरीच्या किती वर्गांना हे शिकवलं असेल, तिलाही आठवत नसेल.

हा विषय पूर्वी दोनदा निघाला होता. दोन्ही वेळा सायलसचा जिवलग दोस्त डेस्मंड "माझं मन नाही" म्हणाला, आणि टीचर एडिथ "मग थांबू या" म्हणाली. अगदी शांतपणे. आतून तिला केवढं हायसं वाटलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. आजही तिची सगळी मदार त्या पोरावरच होती.

वर्ग गप्प झाला. मग मारिसोल उभी राहिली. "मला गाडी दिली ना," ती बोटं एकमेकांत गुंतवत म्हणाली, "तर मी हळू चालवीन."

पोरीला अपघाताचं कोणी काही सांगितलं होतं की ती आपली सहज बोलून गेली, देव जाणे.

डेस्मंडनं टेबलावरच्या गाडीकडे बोट केलं. "आधी ती रिकामी करावी लागेल," तो म्हणाला. "शेवटच्या शुक्रवारी त्यानं उचललेलं सगळं तिच्यात तसंच आहे."

"मी एकटी नाही करणार. तू पण ये."

डेस्मंडनं बाहीला नाक पुसलं. "बरं. चालेल मला."

बीट्रिसनं हुश्श केलं. एकेकानं मान डोलावली. आता टीचर एडिथनं नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं, सगळ्यांचं मन एक झालेलं दिसतंय. पण तिची नजर गाडीवर गेली. गाडीतला कचरा तिला पाठ होता. वर लाल सालं होती. सायलसला लालच पेन्सिल लागायची आणि तो ती पुरी झिजेपर्यंत तासत बसायचा. सफाईवाल्या बाईंना तिनं त्या टेबलाला हात लावायची बंदी केली होती. मुलांना त्रास होईल, असं कारण दिलं होतं.

"टीचर एडिथ," डेस्मंड म्हणाला. इथली पोरं शिक्षकांना अहो-जाहो करत नाहीत. "तुझं राहिलं."

"माझं?"

"तू पण गोलात बसलीयेस ना."

चालेल, एवढंच म्हणायचं होतं. पण या गोलात बसून खोटं बोलायचं नाही, हेही तिनंच शिकवलेलं. इतके दिवस आपण एका आठ वर्षांच्या पोराच्या दुःखाआड लपून बसलो, याची तिला फार लाज वाटली.

"माझं मन होत नाहीये," ती म्हणाली. "अजून."

मारिसोल हळूच खाली बसली. कोणी कुरकुर केली नाही. डेस्मंडला जणू हे आधीच माहीत असावं, तशी त्यानं मान हलवली.

"मग थांबू या," तो म्हणाला. हुबेहूब तिच्यासारखा.

बैठक उठताना शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा असतो, आणि सुरुवात नेहमी टीचर एडिथ करते. आज तिचे हात मांडीवरून उठेनात. डेस्मंडनंच डिंकानं चिकट झालेला आपला हात पुढे केला आणि तिचा हात उचलून घेतला.

"आणि कचरा?" मारिसोलनं विचारलं.

सगळ्यांनी महापौरांकडे पाहिलं. बीट्रिस टेबलावरच्या शहराकडे बघत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "कागदाचाच तर आहे. वास नाही येत."